गोदातीरकर म्हणतात

मी इतकी बोलते, इतकी बोलते, की माझ्या पोटात काही राहत असेल असं कुणाला वाटतच नाही. नवरा म्हणतो, हिला काही सांगायचं म्हणजे थेट मायकवरच सांगितल्यासारखं. पण एक गोष्ट राहिली आहे. नवऱ्याला माहीत नाही, लेकीला माहीत नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवी होती तिला तर मुळीच माहीत नाही. मग तुम्हालाच का सांगायला बसले? तुम्ही मला ओळखत नाही — तेच बरं आहे. आणि सांगायचं ठरवल्यापासून छातीत असं धडधडायलंय, जसं स्टेजवर नाव पुकारायच्या आधी धडधडतं. खोटं कशाला बोलू? मला ती धडधड आवडते. या सगळ्या भानगडीचं मूळच ते आहे.

आधी मी कोण ते सांगते. मी शैला. निजामाच्या या शहरात, गौलीगुड्यात जन्मले, तिथंच वाढले. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील शिक्षणखात्यात, काका वकील — आमच्याकडे सगळे कागदावरची माणसं. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, आणि शाळा कॉन्व्हेंट. आता पहिली छोटी कबुली देऊन टाकते, म्हणजे मोठीकडे जायला जोर येईल. मला मराठी वाचता येत नाही! म्हणजे येतं हो — पाट्या वाचते, लग्नपत्रिका वाचते, औषधावरची सूचना वाचते. पण पुस्तक? ओळीखाली बोट ठेवावं लागतं, आणि जोडाक्षर आलं की माझी गाडी बंद. वडिलांचं काचेचं कपाट अजून माझ्या हॉलमध्ये आहे, भरून पुस्तकं आहेत. दर दिवाळीला मी ती पुसते. उघडत नाही.

आणि मजा बघा — आमच्या मराठी मंडळात माझ्याइतकी वाचलेली बाई दुसरी नाही असं सगळ्यांचं ठाम मत. का? तर मी बोलते म्हणून. हळदीकुंकू असो, कुणाचा सत्कार असो, शोकसभा असो, कोठी बाजाराजवळच्या त्या हॉलमध्ये शैलाताई उभी राहिली की मागच्या रांगेतले लोकसुद्धा चहाचा कप खाली ठेवतात. आणि माझी खासियत कोणती? अवतरणं! एखादं नेमकं वाक्य, नेमक्या जागी.

त्यातलं मला खरंच कळतं, ही बढाई नाही. पुष्कळ जण काय करतात — उभं राहिल्या राहिल्या कुणाचं तरी वाक्य फेकतात, अजून लोक खुर्च्या सरकवायलेत, कुणी पंखा लावा म्हणायलंय, ते वाक्य गेलं वाया! काही जण एकावर एक अशी रचत जातात, की ऐकणाऱ्याला कळेना हा बोलायलाय की वाचायलाय. आणि काही तर वाक्य सांगून झालं की त्याचा अर्थ समजावत बसतात. अरे बाबा, कळलं ना त्यांना! एका भाषणात एकच वाक्य. तेही पाठ, कागदात डोकं घालून नाही. आधी नाव घ्यायचं, मग थांबायचं — थांबायला भीती वाटते, पण थांबायचंच — आणि मग शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघून हळू सांगायचं. मोठ्यानं नाही, हळू. हॉल पुढं झुकतो तेव्हा! मला आत्ताही अंगावर काटा आला, बघा.

पण वाक्यं आणायची कुठून? पुस्तकातून आणावीत, तर पुस्तक वाचता येत नाही. मग मी ती आणायची सुजाताकडून.

सुजाता म्हणजे माझी ऑफिसातली मैत्रीण. सिकंदराबादच्या एका सरकारी कार्यालयात आम्ही एकाच दिवशी रुजू झालो, एकमेकींच्या शेजारच्या टेबलावर, आणि निवृत्त होईपर्यंत एकाच डब्यातून जेवलो. ती नांदेडकडची. वडील नोकरीसाठी इकडे आले आणि लवकर गेले, आईनं वाढवलं. बौद्ध घर. बुद्धजयंतीला तिच्याकडची खीर माझ्या घरी यायची, संक्रांतीला माझे तिळगूळ तिच्याकडे. साहेब लोकांशी ती अगदी साफ इंग्रजी बोलायची, फायलीवर तिचा शेरा बघून वरचे सरळ व्हायचे. माझ्याशी मात्र आपली गावाकडची भाषा. आणि ती बोलायला लागली ना, की मधूनच असं काही बोलून जायची की माझा घास हातात राहायचा. तिचं लक्षही नसायचं. लोणचं वाढता वाढता बोलायची.

एकदा साहेबांनी माझ्यावर सगळ्यांदेखत आवाज चढवला. चूक माझी नव्हतीच. मी जेवायला बसले आणि म्हटलं, मरू दे, सांगून तरी काय उपयोग, कोण ऐकतंय? सुजातानं पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "ऐकणारं कुणी नसलं तरी बोलून ठेवावं माय. भिंतीला तरी सवय लागंल."

भिंतीला तरी सवय लागंल! सांगा, कुठल्या पुस्तकात मिळालं असतं असं? मी त्या दुपारी साहेबांच्या खोलीत जाऊन बोलून आले. आणि येता येता माझ्या डोक्यात काय चाललं होतं माहीत आहे? की हे वाक्य पुढच्या कार्यक्रमात कुठं बसेल.

पहिल्यांदा मी ते सरळ वापरलं. गल्लीतल्या महिलांच्या कार्यक्रमात, खरं तेच सांगून — माझी एक मैत्रीण म्हणते. काय झालं? काही नाही. एक बाई समोशाची चटणी शोधत होत्या, त्या शोधतच राहिल्या. एकीनं शेजारणीला विचारलं, कोण मैत्रीण? संपलं. मला इतका राग आला! माझा नाही हो, त्या वाक्याचा अपमान झाला असं वाटलं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मग मंडळाचा मराठी दिनाचा कार्यक्रम आला. हॉल गच्च. पाहुणे वक्ते ऐनवेळी आले नाहीत, आणि वेळ मारून न्यायला मला उभं केलं. मी बोलत गेले, रंगत गेले, आणि त्या जागी आले — तुम्हाला सांगते, अशी जागा आली की कळतं, आता इथं वाक्य पाहिजे! मी थांबले. सगळे बघायलेत. "माझी मैत्रीण" जिभेवर आलं, आणि मला ती चटणी शोधणारी बाई आठवली. आणि माझं तोंड आपणहून म्हणालं, "थोर विचारवंत कैलासवासी त्र्यंबकशास्त्री गोदातीरकर म्हणतात —"

कोण गोदातीरकर? मला काय माहीत! असा माणूस नव्हताच. त्या क्षणी जन्मला आणि जन्मतानाच कैलासवासी झाला. मी पुढं म्हटलं, "ऐकणारे कोणी नसले तरी बोलत राहावे, निदान भिंतींना सत्याची सवय होईल." बघितलंत? माय गेली, लागंल गेलं, सत्य आलं. उभ्या उभ्या इस्त्री केली मी त्याला. आणि हॉल — काय सांगू तुम्हाला! आधी एकदम शांत, आणि मग टाळ्या, टाळ्या, टाळ्या! आमच्या मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात, कधी कुणाला मान न देणारा माणूस — डोळे मिटून मान डोलवायले होते.

घरी जाईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. भीती होती ना! उद्या कुणी विचारेल, कोण हे शास्त्री, कुठलं पुस्तक? मी उत्तरं जुळवून ठेवली होती. पण गंमत अशी झाली की कुणी विचारलंच नाही. उलट दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन. म्हणाले, गोदातीरकर! किती वर्षांनी नाव ऐकलं. आमच्या वडिलांकडे होतं त्यांचं पुस्तक. फार करारी माणूस.

मी गार! हसावं की रडावं? करारी माणूस म्हणे. मी म्हटलं, हो, फारच करारी.

मग काय, गोदातीरकर सुटलेच. जी गोष्ट आपण वाचली नाही हे कबूल करायची लाज वाटते, ती वाचली म्हणायला आमच्या गावातल्या मराठी माणसाला वेळ लागत नाही — आणि हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही, सगळ्यात पुढं मीच आहे. आमची मुलं मराठी वाचत नाहीत, आम्ही वाचतो असं दाखवतो, आणि कुणी कुणाची परीक्षा घ्यायची नाही असा न बोलता ठरलेला कायदा. एका काकूंना तर त्यांचा फोटोसुद्धा आठवत होता, दाढीवाला. एक मास्तर कोठीच्या पुस्तकांच्या दुकानात त्यांचे ग्रंथ मागायला गेले, तर दुकानदार म्हणाला, संपलेत, पुण्याहून मागवावे लागतील. मंडळाच्या दारातल्या फळ्यावर सुविचार म्हणून आला गोदातीरकर. व्हॉट्सअ‍ॅपवर आला, खाली मावळत्या सूर्याचं चित्र. आणि मी? मी प्रत्येक कार्यक्रमात त्यांचं नवं वाक्य आणायला लागले. सगळी सुजाताची. जेवताना ती बोलायची, मी मनात धरायची, आणि रविवारी गोदातीरकर बोलायचे. बाई, काय दिवस होते ते! मला झिंग चढली होती. खरंच सांगते, नुसती झिंग.

सुजाता मंडळात यायची नाही. मी बोलवायची, ती म्हणायची, तिथं माझं काय काम? रविवारी तिचे तिच्या वस्तीतले कार्यक्रम असायचे. त्यामुळे तिनं गोदातीरकरांना कधी ऐकलंच नाही. आणि मला ते सोयीचं होतं. हे सोयीचं होतं, एवढं नक्की लक्षात घ्या.

आता इथून पुढं सांगायला — थांबा. पाणी पिऊन येते.

हं. तर आम्ही दोघी निवृत्त झालो. मंडळानं मोठ्यांसाठी वक्तृत्व स्पर्धा ठेवली, कुणीही भाग घ्या, विषय होता — मला घडवणारं माणूस. पहिला येईल त्याला वार्षिक समारंभात मुख्य भाषण. आणि एक दिवस सुजाताचा फोन. "शैला, मी बोलू का गं त्यात?" मला विश्वासच बसेना. मी नाचले! खरोखर स्वयंपाकघरात नाचले. ती म्हणाली, "बक्षीस-बिक्षीस मला नको. एकदा मायकवर आईचं नाव घ्यायचंय. हॉल भरलेला असताना. एवढंच."

तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. मी तिला कधी भेटले नव्हते. इतकी वर्षं मैत्री, आणि मी आईचं नावही कधी विचारलं नव्हतं.

मी तिला शिकवायला लागले. ती यायची माझ्याकडे, चहा व्हायचा, मग मी तिला खिडकीपाशी उभी करायची. हात कुठं ठेवायचे, श्वास कुठं घ्यायचा, कुणाकडे बघायचं. मी म्हटलं, शेवटी एक अवतरण टाक, नाव घेऊन, बघ कसा हॉल उठतो. ती म्हणाली, आईचं एक बोलणं आहे, ते टाकू? मी म्हटलं, टाक की! सांग बरं कोणतं? तर हसली. म्हणाली, ते तिथंच ऐक, तुझ्यासाठी राखून ठेवलंय. मला काही खटकलं नाही. का खटकलं नाही? तिची सगळी वाक्यं तिची स्वतःची असं मी धरून चालले होते. त्यातली काही आईची असतील हा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. जिची मी घेत होते तिचाही मी कधी नीट विचार केला नव्हता, तर तिच्या आईचा कुठून करणार?

स्पर्धेचा दिवस. सूत्रसंचालन माझं. परीक्षक तिघं, मुख्य वकीलसाहेब. सुजाताचा मुलगा आणि सून दुसऱ्या रांगेत, मोबाईल वर धरून. ती निळी साडी नेसली होती. तिचं नाव पुकारताना माझाच आवाज चढला इतकी मी खूश होते.

आणि ती बोलली! बाई गं, काय बोलली! मी शिकवलेलं पहिल्या मिनिटात विसरली, आणि बरंच झालं. म्हणाली, माझी आई, गयाबाई. तिनं मला शाळेत घालायला नेलं तेव्हा हेडमास्तरांनी वर बघितलंच नाही. आई बोलत होती, ते लिहीत होते. आत या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मग आई व्हरांड्यात आली, भिंतीकडे तोंड केलं आणि सगळं सांगितलं. माझी लेक हुशार आहे. तिला मोजता येतं. तिला तुम्ही घ्यायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. लोक हसायचे. मी लहान होते, मला लाज वाटायची, मी म्हणायची, आई, कोण ऐकतंय?

माझ्या हातातला कागद खाली पडला. तुम्हाला कळलंच असेल का.

सुजाता थांबली. अशी थांबली की मला कधी जमलं नाही. आणि म्हणाली, "आई म्हणायची — ऐकणारं कुणी नसलं तरी बोलून ठेवावं माय. भिंतीला तरी सवय लागंल."

टाळ्या आल्या नाहीत. हॉलमध्ये कुजबूज झाली. कुणीतरी कुणाकडे बघितलं, एक बाई हळूच हसल्या, मागून कुणीतरी म्हणालं — अहो, हे तर गोदातीरकर! सुजाता गोंधळली. नमस्कार करून खाली आली. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं, हो. आणि त्याच्या पुढच्याचं.

शेवटी वकीलसाहेब निकाल सांगायला उभे राहिले. त्यांना सुजाताचं भाषण आवडलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वाईट माणूस नाही तो. अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "सुजाताबाई फार मनापासून बोलल्या. पण थोरांचं वाक्य घ्यावं तर नाव घेऊन घ्यावं. आपल्या आईच्या तोंडी घालू नये. प्रेमापोटी झालं असेल, मी समजू शकतो." आणि माझ्याकडे वळले. "शैलाताई, बरोबर ना? गोदातीरकरांचंच ना ते?"

मायक माझ्या हातात होता. तोच, ज्याच्यासाठी माझं काळीज धडधडतं. एवढंच म्हणायचं होतं — नाही. नाही साहेब, ते गयाबाईंचं आहे, शास्त्री मी बनवला. किती वेळ लागला असता? काय झालं असतं? लोक हसले असते. मला कुणी पुन्हा बोलवलं नसतं. वकीलसाहेबांनी न वाचलेलं पुस्तक उघडं पडलं असतं आणि ते माझ्याशी बोलले नसते. बस, एवढंच. दुसऱ्या रांगेत सुजाताचा मुलगा मोबाईल खाली ठेवून मान खाली घालून बसला होता.

मी म्हटलं, "हो." आणि तेवढ्यावर थांबले नाही. गोड आवाजात वर म्हटलं, "अनवधानानं होतं असं कधी कधी."

माझ्या तोंडून हे वाक्य किती सहज आलं! आत्ताही मला त्याची चीड येते. सुजाताला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र दिलं. ते मीच तिच्या हातात दिलं, फोटोही आहे.

तुम्हाला वाटेल, तिनं मला ओळखलं असेल. मलाही वाटलं. कार्यक्रम संपल्यावर तिनं मुलाला आणि सुनेला पुढं पाठवलं, आणि आम्ही दोघी समोरच्या इराणी हॉटेलात बसलो. मी वाट बघत होते, आता ती मला फाडून खाईल. मनातून मला तेच पाहिजे होतं, कारण मग मला सांगावं लागलं नसतं. तिनं चहा ढवळला आणि विचारलं, "शैला, ते शास्त्री कधीचे गं?"

मी म्हटलं, जुने. फार जुने.

"म्हणजे आईच्या आधीचे?"

मी म्हटलं, हो.

तिनं चहा बशीत ओतला, एक घोट घेतला. मग म्हणाली, "मग आईनं कुठं तरी ऐकलं असंल. कीर्तनात-बिर्तनात. आत बसू देत नव्हते म्हणा तिला. बाहेरून ऐकलं असंल." आणि हसली, तुम्हाला सांगते, माझ्याकडे बघून हसली. "मला आपलं वाटायचं, तिचंच हाय."

तिला माझा संशयच आला नव्हता. माझ्यावर विश्वास होता तिचा, आणि त्या विश्वासानं तिनं आपल्या आईला देवळाबाहेर उभं केलं. तिथं तिची आई कधी उभी नव्हती. ती शाळेच्या व्हरांड्यात उभी होती, आणि जे बोलली ते तिचं स्वतःचं होतं. आम्ही दोघीच होतो टेबलावर. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. तेव्हाही मी बोलले नाही. मी आणखी दोन चहा सांगितले.

आणि एक विचारते, स्वतःलाच. स्टेजवर माझ्या तोंडून शास्त्रीच का आला? मैत्रिणीचं नाव टाकून दुसरं नाव पाहिजे होतं, तर गोदाबाई का नाही आली? एखादा कांबळे का नाही आला? मी काही विचार करून निवडलं नाही, असं मी किती दिवस म्हणत राहिले. पण न विचार करता आलं, तेच तर वाईट. मला बरोबर माहीत होतं, कोणाचं नाव लावलं की हॉल पुढं झुकतो. सुजाताच्या घरची खीर खाऊन मी तिच्या आईचं वाक्य एका शास्त्र्याच्या नावावर केलं, आणि मला वाटत राहिलं की मी त्या वाक्याचं भलं करते आहे.

त्यानंतर मी गोदातीरकर वापरणं सोडलं. लोक मागतात, मी हसून टाळते. पण ते आता माझे राहिलेच नाहीत. फळ्यावर आहेत, फोनवर आहेत, त्यांना माझी गरज नाही.

आता शेवटचं. यंदाच्या बुद्धजयंतीला सुजातानं मला त्यांच्या वस्तीतल्या हॉलमध्ये बोलावलं. हल्ली ती बोलते, बरं का. त्या स्पर्धेनंतर तिच्याकडच्या लोकांनी तिला उभं केलं, आणि ती थांबलीच नाही. मला पहिल्या रांगेत बसवलं, पाहुणी म्हणून शाल दिली. मागे सतरंजीवर म्हाताऱ्या बायका, पांढऱ्या साड्या, मांडीवर नातवंडं. सुजाता मुलींच्या शिक्षणावर बोलली. हॉल तिच्या मुठीत होता! मी सगळं विसरून गेले, मला इतका अभिमान वाटायला लागला, हाताचे पंजे गरम झाले. आणि ती शेवटाकडे आली. तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत आनंद होता, जसं मी तिला काही दिलंय आणि ती सगळ्यांना ते दाखवणार आहे.

म्हणाली, "थोर विचारवंत त्र्यंबकशास्त्री गोदातीरकर म्हणतात —"

आणि सांगितलं. माझ्या इस्त्रीच्या मराठीत. ऐकणारे कोणी नसले तरी. निदान भिंतींना सत्याची. माय नाही, लागंल नाही. व्हरांडा नाही, हेडमास्तर नाही. गयाबाई हे नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही.

माझ्यामागच्या सतरंजीवरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "शास्त्री असून आपल्यासारखं बोलला बघ."

हॉल क्षणभर शांत होता. टाळ्या आधी मी वाजवल्या.